जीप कोणाची? बँटमची, विलिसची की फोर्डची?

जुनी_बखर (धागाकर्ता)

विलिस-ओव्हरलँड या अमेरिकी मोटार कंपनीचं नाव निघालं की ‘जीपचा शोध लावणारी कंपनी’ असं आपण सवयीने लिहून मोकळे होतो. माझ्या मते हे वाक्य चुकीचं आहे. जीप जन्माला घातली ती पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या अमेरिकन बँटम कार कंपनीने.

आधी तारखा बघू. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडून निविदा मागवल्या. हवी होती पाव टनी, चारही चाकांना जोर देणारी टेहळणीची गाडी. वजन १,३०० पौंडांच्या आत, भार ६०० पौंड, समोरची काच दुमडणारी, ट्रान्सफर केस (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) दोन गतींची. पहिला नमुना ४९ दिवसांत, सगळ्या ७० गाड्या ७५ दिवसांत. निविदा २२ जुलैला उघडायच्या होत्या. कार्ल प्रॉब्स्ट हा डेट्रॉइटचा अभियंता १७ तारखेला बटलरकडे निघाला, दोन दिवसांत अख्ख्या गाडीचा आराखडा कागदावर उतरवला आणि मग वजन-किमतीचा तक्ता भरला. निविदा दोनच आल्या, बँटम आणि विलिस. विलिसचा आकडा मुळात कमी होता, पण तिने जादा मुदत मागितली. उशिरासाठी दर गाडीमागे दिवसाला ५ डॉलर दंड धरला तेव्हा बँटम स्वस्त ठरली आणि १,७१,१८५ डॉलरचं काम तिला मिळालं.

२३ सप्टेंबर १९४० ला बँटमचा नमुना बटलरहून स्वतःच्या चाकांवर धावत बाल्टिमोरच्या कँप होलाबर्ड या लष्करी तळावर पोचला. मुदत संध्याकाळी पाचची, गाडी साडेचारला हजर. त्या दिवशी विलिस आणि फोर्ड यांच्याकडे उभी करायला काहीच नव्हतं. होलाबर्डला बँटमची गाडी उघडून बघायची मुभा या दोघांच्या माणसांना मिळाली, पुढे तिचे नकाशेही लष्कराने त्यांच्या हाती दिले. विलिसचा ‘क्वाड’ आणि फोर्डचा ‘पिग्मी’ हे नमुने आले ते नोव्हेंबरात.

युद्ध चालू असताना विलिसने जाहिरातींत जीप आपणच घडवली असं छापायला सुरुवात केली. त्यावर फेडरल ट्रेड कमिशनने १९४३ मध्ये तक्रार दाखल केली आणि १९४८ मध्ये निकाल दिला: जीपची कल्पना बँटमने लष्करातल्या काही अधिकाऱ्यांच्या सोबतीने साकारली, विलिसने ‘निर्मिती आमची’ असा दावा करू नये. इतकं लेखी असताना श्रेय विलिसच्या खात्यावर का जमा करायचं?

टॅपेट

बखरसाहेब, तारखा बरोबर, निष्कर्ष मान्य नाही. नमुना आधी पोचवणं आणि युद्धात टिकणारी गाडी देणं ही दोन वेगळी कामं आहेत.

बँटमच्या नमुन्यात होतं कॉन्टिनेंटलचं ११२ घनइंची इंजिन, साधारण ४५ अश्वशक्तीचं. फोर्डने तर ट्रॅक्टरचं इंजिन फेरफार करून बसवलं, १२० घनइंचांच्या आसपासचं, ताकद तेवढीच. विलिसकडे १३४.२ घनइंचांचं ‘गो डेव्हिल’ होतं: मिनिटाला ४,००० फेऱ्यांना ६० अश्वशक्ती, २,००० फेऱ्यांना १०५ फूट-पौंड टॉर्क (पिळाचा जोर). दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवा. खडा चढ चढताना, चिखलात, मागे तोफ किंवा ट्रेलर ओढताना गाडी २,००० फेऱ्यांवरच असते, ४,००० वर नसते. बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ १/८ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४ ३/८ इंच. हा लांब स्ट्रोकच ओढ देतो.

हे इंजिन आयतं मिळालेलं नाही. बार्नी रूस हा अभियंता १९३८ मध्ये विलिसमध्ये आला तेव्हा तेच इंजिन ४८ अश्वशक्तीचं होतं आणि जास्त फेऱ्यांवर दम टाकायचं. ब्लॉक तोच ठेवून त्याने हलके अ‍ॅल्युमिनियमचे पिस्टन, चांगल्या पोलादाचे वाल्व, बेअरिंगमधली कमी फट, सुधारलेलं पाणी आणि तेल अशी एकेक गोष्ट सुधारत नेली. कागदावर आराखडा दोन दिवसांत निघतो. इंजिन असं वर्षानुवर्षं घासून काढावं लागतं.

जुलै १९४१ मध्ये एकाच नमुन्यावर थांबायचं ठरलं तेव्हा काम विलिसला गेलं, गाडीमागे सुमारे ७३९ डॉलर, तिघांत सर्वांत कमी. तीच एमबी. सैनिकांनी जिला जीप म्हटलं त्यातली जवळजवळ प्रत्येक गाडी या इंजिनावर चालली. बँटमच्या सगळ्या मिळून पावणेतीन हजारांच्या आत.

जुनी_बखर

टॅपेट, इंजिन सर्वांत सरस होतं याला माझी हरकत नाही. पण क्वाड होलाबर्डला पोचली तेव्हा तिचं वजन २,४२३ पौंड होतं आणि तोवर मर्यादा १,३०० वरून वाढून २,१६० झालेली होती. २६० पौंडांहून जास्त उतरवायचे होते. रूसच्या माणसांनी गाडी सुटी करून भाग न् भाग तोलला. बोल्टची नटाबाहेर येणारी लांबी कापली, पत्रा हलका केला, रंगाच्या थराचंही वजन हिशेबात धरलं. मेहनत मोठी, मान्य. पण समोर बँटमची चालती गाडी होती, चाकं कुठे, माणसं कुठे, डबा केवढा हे सगळं सुटलेलं होतं. राहिलं होतं ते वजन.

टॅपेट

आणि ती मर्यादा वाढली कशामुळे? १,३०० पौंडांत अशी गाडी होणं शक्यच नव्हतं, हे प्रॉब्स्टलाही ठाऊक होतं. निविदेत वजन मर्यादेत बसवून लिहिलं आणि नमुना आला २,००० पौंडांच्या आसपास. बँटमला ही सवलत आणि विलिसच्या वजनावर बोट, असं नको.

चॅसी_नंबर

दोघंही फोर्डला ट्रॅक्टरवाला म्हणून बाजूला सारताय, ते बरोबर नाही. जीप डोळ्यांसमोर आणा. काय दिसतं? सपाट बॉनेट, उभ्या फटींची पत्र्याची जाळी, दिवे त्या जाळीच्या आत. हा चेहरा फोर्डचा आहे. बँटमच्या पहिल्या नमुन्याचं नाक गोलसर होतं. सपाट बॉनेट आणि जाळीआडचे दिवे फोर्डच्या पिग्मीवर आले.

एमबीच्या पहिल्या पंचवीस हजारांवर गाड्यांना जाळी होती ती लोखंडी पट्ट्या एकेक करून वेल्ड केलेली. वेळ जास्त, वजन जास्त, पट्टी वाकली की सरळ करायची कटकट. फोर्डने एकाच पत्र्यातून नऊ फटींची जाळी छापून काढली. १९४२ मध्ये विलिसनेही तीच घेतली. दिवे बिजागरीवर बसवलेले, खटका सोडून उलटे फिरवले की उजेड थेट इंजिनावर पडतो. रात्री इग्निशनचे पॉइंट साफ करायचे तर दुसऱ्या बॅटरीची गरज नाही.

नोव्हेंबर १९४१ मध्ये फोर्डला विलिसच्या नकाशांवर गाड्या बांधायचं काम मिळालं, तीच जीपीडब्ल्यू. ‘जीपी’ म्हणजे जनरल पर्पज हा पसरलेला गैरसमज आहे. फोर्डच्या संकेतात जी म्हणजे सरकारी काम, पी म्हणजे ८० इंची व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) आणि डब्ल्यू म्हणजे विलिसचा आराखडा. फोर्डने पावणेतीन लाखांवर गाड्या काढल्या, विलिसने साडेतीन लाखांच्या आसपास. दोन कंपन्यांच्या गाड्यांचे सुटे भाग एकमेकांना बसले पाहिजेत ही अट होती आणि ती पाळली गेली. हातात मापाची पट्टी धरणाऱ्याला विचारा, सहा लाख गाड्यांमध्ये हे साधणं म्हणजे काय.

पाटेपाना

चॅसी_नंबर, मग ओळखायची कशी तेही लिहा. जुनी गाडी विकत घेताना ‘अस्सल विलिस’ म्हणून जीपीडब्ल्यू गळ्यात मारली जाते आणि उलटंही होतं.

चॅसी_नंबर

खाली वाका आणि रेडिएटरखालचा आडवा बीम बघा. गोल नळी असेल तर विलिस एमबी. उलट्या ‘यू’ आकाराची चौकोनी पट्टी असेल तर फोर्ड. ही सर्वांत भरवशाची खूण, कारण चॅसी कापल्याशिवाय ती बदलत नाही. तरी नळीच्या दोन्ही टोकांचं वेल्डिंग नीट तपासा. अपघातानंतर पुढचा भाग दुसऱ्या गाडीचा जोडलेला असतो.

नंतर नंबर. एमबीचा नंबर छोट्या पट्टीवर असतो, पट्टी चॅसीच्या डाव्या रेलच्या (लांब बीमच्या) आतल्या बाजूला, पुढच्या बंपरच्या लगेच मागे रिव्हेट केलेली. जीपीडब्ल्यूचा नंबर डाव्या रेलच्या माथ्यावर, इंजिनाच्या पुढच्या माउंटिंगपाशी ठोकलेला. ऐंशीएक वर्षांचा रंग आणि मळ बसलेला असतो, तेव्हा ग्राइंडर लावू नका, अंक पुसले जातात. रंग काढायचं रसायन लावा, पितळी ब्रशने घासा, मग खडू फिरवा. अंक वर येतात.

फोर्डने आपल्या बोल्टच्या डोक्यांवर आणि कितीतरी भागांवर ‘एफ’ हे अक्षर उठवलंय. पण एका ‘एफ’वरून निकाल देऊ नका. भाग अदलाबदलीचे असल्यामुळे लष्करी वर्कशॉपमध्ये जे हाताला लागलं ते बसवलं गेलं. टपावरून, म्हणजे पत्र्याच्या बॉडीवरून, तर मुळीच ठरवू नका. १९४४ पासून दोन्ही कंपन्यांना इंडियानातल्या कॉनर्सव्हिलच्या एकाच कारखान्यातून टप यायचे.

पाटेपाना

आता माझा मुद्दा, आणि तो तिघांनाही आवडणार नाही. जीपला जीप बनवलं ते चारही चाकांच्या जोराने. ते सामान बँटमचं नाही, विलिसचं नाही, फोर्डचंही नाही. दोन्ही आस आणि ट्रान्सफर केस टोलेडोच्या स्पायसर कंपनीची. बँटमच्या नमुन्यालाही स्पायसर, क्वाडलाही स्पायसर. वर्ष-दीड वर्षात हजारोंनी गाड्या निघाल्या तेव्हा अडलं कुठे? इंजिनात नाही, टपात नाही. पुढच्या चाकांपाशी जो सम-गती जॉइंट लागतो त्याच्यावर अडलं. चाक वळलेलं असताना जोर एकसारखा पोचवायचा तर आत गोळ्या धरणारी खोबण अचूक कापावी लागते, आणि तसं काम करणारी यंत्रं मोजकी. म्हणून र्झेपा, बेंडिक्स, ट्रॅक्टा अशा वेगवेगळ्या जातींचे जॉइंट एकाच मॉडेलमध्ये सापडतात. पुढचा आस उघडण्याआधी आत कोणता आहे ते समजून घ्या, सुटे भाग आणि बसवायची रीत वेगळी आहे.

आणि कल्पना कोणाची? कॅप्टन रॉबर्ट हाउई यांनी १९३७ मध्ये फोर्ट बेनिंगला छोट्या ऑस्टिन गाडीचे भाग वापरून पोटावर झोपून चालवायची मशिनगनची गाडी बनवली होती. लहान, बुटकी, झुडपाआड लपणारी गाडी पायदळाला हवी, ही मागणी लष्करातूनच आली. बँटमने ती ऐकली, कारण लहान गाडी सोडून तिला दुसरं काही बनवताच येत नव्हतं.

जुनी_बखर

पाटेपाना, स्पायसरचा मुद्दा वजनदार आहे. पण सुटे भाग बाजारातून घेऊन त्यांची गाडी जुळवणं हेच तर प्रॉब्स्टचं काम. ४९ दिवसांत नवे आस ओतून घडवणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने स्टुडबेकर चॅम्पियनच्या आसावर बेतलेले आस स्पायसरकडून करून घेतले. ट्रान्सफर केस एका बाजूला सरकवली, त्यामुळे पुढचा शाफ्ट इंजिनाच्या बाजूने निघतो आणि इंजिन खाली बसतं. गाडीची उंची तिथे कमी झाली. बाजारातलं पीठ सगळ्यांकडे असतं, थालीपीठ एकाने थापलं.

टोलेडोकर

चर्चा १९४० च्या पुढेमागेच फिरतेय, पण विलिसला या कामाची एवढी भूक का होती हे कंपनीच्या इतिहासाशिवाय कळत नाही.

ओव्हरलँड सुरू झाली १९०३ मध्ये इंडियानातल्या टेरे हॉटला. जॉन नॉर्थ विलिस हा न्यूयॉर्क राज्यातल्या एलमायराचा गाडी-विक्रेता. त्याने १०,००० डॉलर अनामत भरून ५०० गाड्या नोंदवल्या आणि १९०७ च्या आर्थिक घबराटीत कारखाना बुडायला आला. गाड्या येईनात म्हणून तो स्वतः तिथे गेला, पगाराचे पैसे उभे केले आणि कंपनीच ताब्यात घेतली. १९०९ मध्ये पोप-टोलेडोचा रिकामा कारखाना घेऊन बस्तान टोलेडोला हलवलं. १९१२ ते १९१८ या काळात अमेरिकेत फोर्डच्या खालोखाल याच कंपनीच्या गाड्या खपत होत्या. १९२० मध्ये कर्जाने मान धरली तेव्हा बँकांनी वॉल्टर क्रायस्लर यांना वर्षाला दहा लाख डॉलर पगारावर आणून बसवलं. १९३३ मध्ये कंपनी पुन्हा अवसायनात, १९३६ मध्ये पुनर्रचना. अशा कंपनीला लष्कराचं मोठं काम मिळणं म्हणजे पुढची दहा वर्षं मिळणं.

आणि खरं श्रेय मी विलिसला देतो ते १९४५ नंतरचं. युद्ध संपल्यावर बँटमने गाड्या सोडल्या, युद्धातही तिच्या वाट्याला पाव टनी ट्रेलर आले होते. फोर्ड आपल्या मोटारींकडे परतला. लष्करी गाडी शेतकऱ्याला विकता येईल यावर पैसा लावला एकट्या विलिसने. सीजे-२ए ही तिची नागरी जीप म्हणजे एमबीला हिरव्याऐवजी दुसरा रंग नव्हे. आसाचं गुणोत्तर ४.८८ वरून ५.३८ केलं, म्हणजे पळ कमी आणि नांगर ओढायला ओढ जास्त. नाजूक टी-८४ गिअरबॉक्स काढून टी-९० घातला. मागे फळी उघडती केली, पेट्रोलचं तोंड सीटखालून बाहेर आणलं, मोठे दिवे बसवले आणि जाळीच्या फटी नवाच्या सात केल्या. यंत्रं फिरवायला मागे जोर-शाफ्टची सोय दिली. १९४६ मध्ये ब्रूक्स स्टीव्हन्स यांनी आखलेली पोलादी टपाची स्टेशन वॅगन आली. तेव्हा अशा वॅगनचे टप लाकडाचे असत.

माझगाव_फाटक

टोलेडोकरांना जोडून. आपल्याकडे ‘विलिस’ हे नाव घरोघरी पोचलं ते या युद्धानंतरच्या गाडीमुळे. महिंद्रांनी १९४७ मध्ये पहिल्या ७५ गाड्या सुट्या भागांच्या रूपात मागवल्या, १९४९ मध्ये मुंबईत माझगावला जोडणी सुरू झाली, १९५४ पासून टप्प्याटप्प्याने इथेच उत्पादन. म्हणून महाराष्ट्रात कोणी जुनी जीप दाखवली तर ती बहुधा सीजे-३बीच्या घराण्यातली असते, एमबी क्वचित.

३बी ओळखायला बॉनेट पुरेसं. गो डेव्हिलमध्ये दोन्ही वाल्व ब्लॉकमध्ये बाजूला, म्हणून हेड चपटं आणि बॉनेट बुटकं. ३बीच्या हरिकेन इंजिनात इनटेकचे वाल्व हेडमध्ये वर गेले, एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्येच राहिले. ब्लॉकचं माप तेच १३४ घनइंच, ताकद ७० च्या वर. इंजिनाची उंची वाढली म्हणून बॉनेट आणि जाळीच्या वरचा पत्रा उंचावला. अमेरिकेत ही गाडी १९६८ मध्ये थांबली, आपल्याकडे तिचा वंश कितीतरी पुढे चालला. प्यूजोचं एक्सडीपी डिझेल इगतपुरीला बनू लागलं आणि त्याच बॉनेटखाली बसलं. वर सांगितलेलं पेट्रोलचं कुळ मूळ विलिसचं, डिझेलचं फ्रान्सचं. दोन्हींना एकच ‘विलिस इंजिन’ म्हणू नका, गॅस्केट मागायला जाल तेव्हा अडचण होईल.

टॅपेट

टोलेडोकरांनी टी-८४ ला नाजूक म्हटलंय ते बरोबर आहे, आणि विलिसची बाजू घेणारा म्हणून मीच विलिसच्या गाडीतले दोष लिहितो.

टी-८४ दुसऱ्या गिअरमधून आपोआप सुटतो. उतारावर इंजिनाचा ब्रेक घेताना गिअर सुटला तर धोका आहे. कारण बहुतेक वेळा सिंक्रोच्या दातांची झीज आणि मेनशाफ्टची वाढलेली चाल. नुसती स्प्रिंग-गोळी बदलून भागत नाही.

स्पायसर १८ ट्रान्सफर केसमधला मधला शाफ्ट एमबीला फक्त पाऊण इंच जाडीचा आहे. त्यावर सुई-बेअरिंगवर गिअर फिरतो. तेल कमी झालं की शाफ्टवर खोबणी पडतात आणि केस कण्हू लागते. पुढे तो सव्वा इंचापर्यंत जाड केला, यातच मूळ माप कमी पडल्याची कबुली आहे. टी-९० बसवलेल्या गाडीत आणखी एक गंमत नसलेली गोष्ट: गिअरबॉक्समधलं तेल मागच्या बेअरिंगवाटे ट्रान्सफर केसमध्ये उतरतं. जमिनीवर थेंबही नाही आणि गिअरबॉक्स कोरडा. दोन्ही बुचं काढून दोन्ही पातळ्या बघायच्या, एकीवर विसंबायचं नाही.

इंजिनाचे आकडे, एमबीसाठी: फायरिंगचा क्रम १-३-४-२, पॉइंटची फट ०.०२० इंच, प्लगची ०.०३०, टॅपेटची (वाल्व उचलणाऱ्या दांड्याची) गार इंजिनावर ०.०१४. टॅपेट आवाज करत नाहीत म्हणून खूश होऊ नका. फट कमी ठेवली तर एक्झॉस्टचा वाल्व पूर्ण बसत नाही आणि जळतो. किंचित टकटक चालेल.

पाटेपाना

स्टेअरिंग राहिलं. ठरावीक वेगाला पुढची चाकं थडथडू लागतात आणि चालक स्टेअरिंग-बॉक्सचा स्क्रू आवळतो. तसं करू नका, बॉक्सच खराब होतो. क्रम असा: दोन्ही टायरांत हवा सारखी करा. चाक उचलून हलवा, हबचे बेअरिंग ढिले आहेत का बघा. मग किंगपिनचे शिम, वर-खाली सारखे काढून बेअरिंगवर हलका दाब राहील इतके. त्यानंतर पुढच्या आसाजवळची बेल-क्रँक, म्हणजे स्टेअरिंगची हालचाल चाकांकडे वळवणारा दांडा. दोन्ही टाय-रॉड तिच्यावर टेकलेले, बुश झिजला की हिसका थेट स्टेअरिंगला. थडथडीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. बॉक्सला हात शेवटी.

आणि चारही चाकांचा जोर कोरड्या डांबरावर लावू नका. मधे डिफरन्शियल (वेगातला फरक सामावणारा गिअरसंच) नाही. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, फरक जायला वाट नाही म्हणून शाफ्ट आतल्या आत पिळले जातात. मग दांडा सुटत नाही. हातोडी मारू नका. गाडी सरळ रेषेत चार-पाच हात मागे घ्या, पीळ उतरला की दांडा बोटाने निघतो. पुढे-मागे कमीजास्त झिजलेले टायर असले तर सरळ रस्त्यावरही हेच होतं.

चॅसी_नंबर

मूळ वादाकडे येऊ. बखरसाहेब १९४८ च्या निकालावर उभे आहेत. पण १९५० मध्ये ‘जीप’ या शब्दाचा व्यापारचिन्ह म्हणून हक्क विलिसलाच मिळाला. एका सरकारी दाराने सांगितलं गाडी तुम्ही निर्माण केली म्हणू नका, दुसऱ्याने नाव तुमचं म्हणून नोंदवलं. मग मालकी बदलत गेली: १९५३ मध्ये कायझर, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्स, १९८७ मध्ये क्रायस्लर, आता स्टेलँटिस. कंपन्या बदलत गेल्या ते मुख्यतः या चार अक्षरांच्या इंग्रजी नावासाठी.

जुनी_बखर

नाव विकत घेता येतं, नोंदवता येतं. माझी तक्रार ‘शोध’ या शब्दावर आहे. टॅपेट यांचं इंजिन, टोलेडोकरांची सीजे-२ए, दोन्हींसाठी विलिसला मानाचं पान आहेच. ‘विलिसने जीप सुधारली, लाखांनी बांधली आणि नागरी रस्त्यावर आणली’ असं लिहा, मी सही करतो.

टॅपेट

‘सुधारली’ हा शब्द मला अपुरा वाटतो. दुसरं इंजिन असतं तर तीच गाडी वाढत्या वजनाखाली दबली असती. बँटमच्या १,३०० पौंडी कागदापासून एमबीच्या साधारण २,४५० पौंडांपर्यंत वजन जवळजवळ दुप्पट झालं, ते पेलणारं इंजिन तिघांत एकाकडेच होतं. माझी सही नाही.

माझगाव_फाटक

या वादाचा ताजा अंक आपल्याशी जोडलेला आहे म्हणून लिहितो. महिंद्रांनी २०१८ मध्ये अमेरिकेत मिशिगनला बांधलेली रॉक्सर आणली, रस्त्यावर न चालवायची, शेत-जंगलातली गाडी. जीपच्या तेव्हाच्या मालकांनी, फियाट-क्रायस्लरने, तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. जून २०२० मध्ये आयोगाने जीपच्या एकूण रूपाची नक्कल झाल्याचं धरलं आणि त्या रॉक्सरवर बंदी घातली. पुढचा भाग बदललेल्या नव्या रॉक्सरला त्याच वर्षी डिसेंबरात मोकळीक मिळाली.

आता ‘जीपचं रूप’ म्हणून कोणत्या गोष्टी मोजल्या बघा: चौकोनी खोक्यासारखा टप, ज्याच्या सपाट बाजू बॉनेटच्या उंचीपर्यंत जातात, पुढे निमुळतं होणारं सपाट बॉनेट, जाळीच्या पुढे आलेले मडगार्ड आणि त्याखाली समलंब चौकोनी कमानी, उभ्या फटींची सपाट जाळी आणि तिच्यातच वर गोल दिवे, बॉनेटचे बाहेरचे खटके, बाजूच्या पत्र्यात दाराऐवजी कापलेली खाच. एकूण सहा. यातली जाळी, दिवे आणि सपाट बॉनेट चॅसी_नंबर यांनी फोर्डच्या नावावर आधीच लावलेत. दाराऐवजी खाच बँटमच्या गाडीला होती. विलिसचं इंजिन या यादीत येतच नाही, कारण ते बॉनेटखाली आहे.

टॅपेट

माझगाव, यादी रूपाची आहे, त्यात इंजिन येणार कसं? पण निमुळतं बॉनेट आणि पुढे आलेले मडगार्ड हे नेमके कोणत्या नमुन्यावर प्रथम एकत्र आले, ते चॅसी_नंबर यांनी क्वाड, पिग्मी आणि बँटमची बीआरसी-४० तिन्हींचे पुढून काढलेले फोटो शेजारी लावून दाखवावं. नुसतं ‘चेहरा फोर्डचा’ म्हणून मी सोडणार नाही.

चॅसी_नंबर

लावतो. तोवर एक सांगा, एमबीच्या पट्टीवाल्या जाळीतसुद्धा दिवे जाळीच्या आतच आहेत. ते क्वाडवर तसे होते का?

टॅपेट

नव्हते. क्वाडचे दिवे मडगार्डवर होते. हा एक गुण तुमचा.